उत्तराची वाट पाहा



दीड वर्षाचं मूल खिडकीशी उभं राहतं, बोट दाखवतं आणि म्हणतं, ‘काऊ’. आपण ‘हो रे, काऊ’ म्हणतो आणि पुन्हा कामाला लागतो. तेवढ्यावर थांबू नका. ‘काऊ आला. काय खातोय तो?’ असं विचारा आणि गप्प राहा. मनात पाच अंक मोजा. मूल ‘पोई’ म्हणेल, किंवा नुसतंच तुमच्याकडे बघेल. तेही उत्तरच आहे. लहान मुलाला शब्द सापडायला वेळ लागतो, आणि आपण मोठी माणसं त्याच्या आधीच बोलून मोकळी होतो.

मुलाला बोलतं करायला कोणतं पुस्तक आणू, असं आया मला विचारतात. मी त्यांना वाटाणे सोलायला सांगते. मुलाला शेजारी बसवा. शेंग दाबली की टप्पकन फुटते, दाणे घरंगळतात, एक कॉटखाली जातो, तो शोधायचा, ताटात टाकायचा, सालं वेगळी करायची. प्रत्येक शब्द मुलाच्या हाताला लागलेला असतो. मोबाइलवरच्या गाण्यातही शब्द असतात, पण मूल काही म्हणालं तर ते गाणं थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त नको.

प, ब, म हे ओठांचे आवाज मुलांना लवकर जमतात. र आणि ळ उशिरा येतात. म्हणून अडीच वर्षांचं मूल ‘घल’ म्हणालं तर ‘चूक, घर म्हण’ असा धोशा लावू नका. ‘हो, आपलं घर आलं’ एवढंच म्हणा. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, पुरे. आणि पाहुण्यांसमोर त्याच्याकडून तो बोबडा शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून हसू नका. मुलाला ते कळतं.

घरात अहिराणी असो, वारली असो, कोकणी असो, मुलाशी त्याच भाषेत बोला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी शाळाच आदिवासी मुलांच्या अंगणात नेली. भाषेचंही तसंच, मुलाच्या घरापासून सुरुवात करा. घरच्या बोलीत ज्याला भरपूर बोलता येतं, ते मूल शाळेची मराठीही शिकतं.

आता एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सांगते. साधारण वर्षाचं मूल एखादा अर्थाचा शब्द बोलतं. दोन वर्षांचं मूल ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडतं. तसं होत नसेल, तर ‘याचा बापही उशिरा बोलला’ म्हणत, जिभेला वेखंड लावत थांबू नका. आधी कान तपासून घ्या. ज्याला नीट ऐकू येत नाही, ते बोलणार कसं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना सांगा. अंगणवाडीच्या ताईंना विचारा, किंवा सरळ जिल्हा रुग्णालयात जा. कानाची तपासणी दुखत नाही. तान्ह्या बाळाची तर ते झोपेत असतानाच होते.