‘आता तुम्ही बसा’ म्हणण्यापूर्वी
(वार्षिक सभेतील भाषण)



वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची आपली एक रीत आहे. सत्तरी उलटली की ‘आता तुम्ही बसा, आम्ही आहोत ना’ असे म्हणून आपण त्यांच्या हातातील बाजाराची पिशवी, पाण्याचा तांब्या, अंगणातील झाडू काढून घेतो. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु आम्हां वैद्यकीय मंडळींना या प्रेमाची थोडी धास्ती वाटते. वापर थांबला की मांडीचे स्नायू झपाट्याने रोडावतात, तोल सांभाळेनासा होतो आणि मोरीच्या ओल्या फरशीवर पाय घसरल्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी पूर्वीसारखे हिंडणेफिरणे अनेकांच्या वाट्याला पुन्हा येत नाही.

गेलेली शक्ती या वयात परत येते काय, असे नातेवाईक विचारतात. बॉस्टन येथील एका वृद्धसेवा संस्थेत नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजने लावून पायांचा व्यायाम देण्यात आला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. प्रयोग लहान होता. पण ‘आता काय उपयोग’ हे वाक्य त्यानंतर आम्हांस उच्चारवत नाही. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढविणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुचविले आहे. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. कोणी जवळ असताना खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे हाही व्यायामच. हृदयाचा किंवा गुडघ्यांचा विकार असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. जोडीला डाळ, दूध, चालत असल्यास अंडे हवेच. रात्री चहा-बिस्किटांवर भागविणाऱ्या आजींचे स्नायू कशावर पोसावेत?

कानांकडे तर फारच दुर्लक्ष होते. स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढविणारे, परंतु बदलता येण्याजोगे चौदा घटक लॅन्सेट आयोगाने २०२४ साली नोंदविले; त्यांत कमी ऐकू येणे आहे, तशीच उपचाराविना राहिलेली दृष्टिमंदताही आहे. चष्म्याची कोणास लाज वाटत नाही, श्रवणयंत्र मात्र कपाटाच्या खणात पडून राहते.

रुग्णास घरी नेणाऱ्या कुटुंबांस आमची विनंती आहे. न्हाणीघराच्या भिंतीस मजबूत दांडी बसवून घ्यावी, सैल चटया उचलाव्यात, रात्री वाटेवर लहान दिवा ठेवावा. आणि बाजाराची पिशवी, हलकी का होईना, त्यांच्या हाती परत द्यावी.