काटक माणूस आणि शुगर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक आणि विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



संस्थेने मला ‘सर्वांगीण आरोग्य’ हा विषय दिला. शब्द भारदस्त आहे. पत्रिकेत तो वाचून माझ्या आईने विचारले, “म्हणजे तू नेमके काय बोलणार?” मी म्हटले, “अब्बांची हकीकत सांगेन म्हणते.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “सांग. पण सगळी सांग.” तेव्हा आज सगळी सांगते.

आमचे घर निडीचे. नागोठणे आणि रोहा यांच्यामधले हे लहानसे स्टेशन तुम्हां सर्वांच्या पायाखालचे आहे. अब्बा दर दोन वर्षांनी सुट्टी संपवून इथूनच गाडीत बसत आणि मुंबईमार्गे आखातात परत जात. अंगाने काटक, पोट जेमतेम दिसेल इतकेच, चाल झपाझप. वाडीतले लोक त्यांच्याकडे बोट दाखवून लठ्ठ माणसांना टोमणे मारीत. “याला कसला रोग होणार? हाडे तेवढी आहेत!” आम्हां मुलांनाही तसेच वाटे. जाडी म्हणजे रोग आणि काटकपणा म्हणजे तब्येत, हे गणित आमच्या घरात कोणी तपासून पाहिलेच नव्हते.

51 व्या वर्षी ते कायमचे परतले. त्या उन्हाळ्यात ते तांब्यामागून तांब्या पाणी पीत आणि रात्री चारचारदा उठत. उकाडा आहे, असे सगळे म्हणाले. मी त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीत घरी आले होते. मीही तेच म्हणाले. मग चपलेचा खिळा अंगठ्याला लागला. दुखले नाही, म्हणून त्यांनी लक्ष दिले नाही. दुखले नाही हीच खरी वाईट खूण होती, हे आज मला कळते. शुगर वाढून बरीच वर्षे गेली की पायांच्या नसा बधिर होतात आणि जखम आहे हे माणसाला समजतच नाही. हळद लावली, फडके बांधले. पंधरा दिवसांनी अंगठा काळा पडला आणि तो कापावा लागला.

इस्पितळातून घरी आल्यावर आई त्यांची जुनी बॅग आवरीत होती. तळाशी कागदाखाली एक तपासणीचा रिपोर्ट निघाला. सहा वर्षांपूर्वीचा. त्यात शुगर स्पष्ट लिहिलेली होती. म्हणजे त्यांना ठाऊक होते. पुढच्या तपासणीत नापास झालो तर नोकरी जाईल, या भीतीने त्यांनी परदेशात कोणा डॉक्टरकडे नाव लिहिले नाही आणि घरीही सांगितले नाही. त्या सहा वर्षांत माझ्या आणि माझ्या भावाच्या फीचा एकही हप्ता चुकला नव्हता.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आपले काम चोख केले. केसपेपरवर अंगठा होता, रक्तातले आकडे होते, औषधे होती. एका खोलीत सहाजण राहत, रात्रपाळी असे, रात्री एक वाजता दिवसातले मुख्य जेवण आणि लगेच झोप, वर्षानुवर्षे बायको-मुलांचा चेहरा नाही, हे त्या कागदावर कुठेच नव्हते. उदास वाटते असे अब्बा कधी म्हणाले नाहीत. ते “कंबर दुखते” म्हणत आणि आम्ही बाम पाठवीत असू.

आता त्या काटकपणाच्या गणिताकडे वळू. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोंची होती. आपले बाळ हडकुळे म्हणून त्याच्या अंगावर चरबीही तितकीच कमी असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटली नव्हती. म्हणजे बारीक दिसणारे पण चरबी राखून असलेले शरीर आपण जन्मतःच घेऊन येतो. पुढे 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी स्वतःचे आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे. युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! स्वतःचेच शरीर पुराव्याला उभे करणारा शास्त्रज्ञ मला फार आवडतो.

स्नायूंचे महत्त्व एवढ्यासाठी की जेवणातून रक्तात आलेली साखर साठवण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान असेल तर धान्य अंगणात पडून राहणार. शिवाय चालताना, ओझे उचलताना स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ते साखर ओढून घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याचा फायदा येथून येतो. आपल्या आजीच्या काळी भातलावणी, विहिरीचे पाणी, डोक्यावरची मोळी यांतून हे कोठार आपोआप बांधले जाई. नळ घरात आला ही चांगलीच गोष्ट झाली. हंडा पुन्हा डोक्यावर घ्या असे मी मुळीच म्हणणार नाही. पण कष्ट गेले आणि भाताचे ताट तेवढेच राहिले, वर आठवड्याला बिर्याणी आणि पाहुणा आला की थंड पेयाची बाटली आली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही आणि 13 कोटी 60 लाख माणसे त्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज दिला. त्यांतली काही या मंडपात बसलेली आहेत.

घरी गेल्यावर एक करा. आपल्या उंचीएवढा दोरा घ्या, तो मधोमध दुमडा आणि बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळा. टोके एकमेकांना भिडत नसतील तर तुम्ही कितीही काटक दिसा, रक्त तपासून घ्या.

औषधाने रोग आवरतो, पण रोग कुठून आला हे औषध विचारीत नाही. ते विचारणारी माणसे आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी 1970 मध्ये जामखेडला, त्या वेळच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, काम करू लागले. त्या दुष्काळी मुलखातल्या लोकांना आधी हवे होते पाणी आणि अन्न. डॉक्टरांनी तिथूनच सुरुवात केली. मग गावातल्याच बायकांना, त्यांतल्या अनेकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, आरोग्यसेविका म्हणून शिकवले. जिला कोण कोणाच्या घरी उपाशी झोपते, कोणाची सासू सुनेला तपासायला पाठवत नाही हे माहीत आहे, तिच्या हाती आरोग्य दिले. 1979 मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या अब्बांच्या खोलीत अशी एखादी व्यक्ती डोकावली असती तर तिने आधी विचारले असते, “शेवटचे निवांत कधी झोपलात?”

भगिनींनो, तुमच्याशी थोडे वेगळे बोलायचे आहे. मी दवाखान्यात “चालायला जा” असे सांगते आणि समोरची बाई हसते. ते हसणे मला समजते. कुठे चालणार? रस्त्यावर ट्रक आणि मोटारसायकली, चार माणसे बघणार, सासूबाई विचारणार “कुठे निघालीस?” नुसता उपदेश करणारा डॉक्टर या हसण्यापुढे निरुत्तर होतो. म्हणून माझी संस्थेला जाहीर विनंती आहे. शाळेचे मैदान असरच्या नमाजनंतर मगरिबपर्यंत आठवड्यातून पाच दिवस फक्त स्त्रियांसाठी खुले ठेवावे आणि फाटकापाशी एखादी शिक्षिका बसवावी. याला खर्च जवळजवळ नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटे दमदार चालणे सांगते. रोज अर्धा तास धरला तर पाच दिवसांत हिशेब पुरा होतो.

आणि मुलींचे खेळ सातवी-आठवीनंतर बंद करू नका. मुलगी सारखी दमते, अभ्यासात लक्ष लागत नाही, म्हणून आळशी ठरवण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन पाहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. शाळेतून मिळणारी लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नका. चहा लोह शोषू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर द्या.

रमजानविषयी बोलल्याशिवाय आपल्या लोकांपुढे शुगरवर बोलणे अपुरे राहील. 2001 साली 13 देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत प्रौढपणी मधुमेह जडलेल्या मुस्लिमांपैकी 79 टक्क्यांनी महिन्यातले किमान 15 रोजे धरलेले आढळले आणि त्याच महिन्यात साखर एकदम खाली जाऊन इस्पितळात पोचण्याचे प्रमाण इतर महिन्यांपेक्षा कित्येक पटींनी वाढलेले दिसले. आजारी माणसाला कुरआनने सवलत दिली आहे हे तुम्हांला मी सांगायला नको. तरीही ज्यांना रोजा धरायचाच आहे त्यांनी रमजानपूर्वी दीड-दोन महिने डॉक्टरांकडे जावे. काहींना ते नको म्हणतील, काहींच्या गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलतील. सकाळची गोळी आपल्याच मनाने सहरीला ढकलून देणे धोक्याचे आहे. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे; तेव्हा तपासा. आकडा 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेला तर रोजा त्याच क्षणी सोडावा, मगरिबला दहा मिनिटे उरली असली तरी.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही मघापासून चुळबुळ करीत आहात, म्हणून तुमच्याशी थोडक्यात. दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास गणिताला देऊ नका, असे मी मुख्याध्यापकांना तुमच्या वतीने सांगते. टाळ्या वाजवल्यात, आता दुसरी बाजू ऐका. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल आणि सकाळी डोळे चोळत वर्ग, हे चालणार नाही; वाचलेले डोक्यात पक्के होते ते झोपेत. आणि तुमचे वडील धाटावच्या कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा झोपले असतील तर घरात आवाज कमी ठेवा. हेही घराच्या आरोग्याचेच काम आहे.

अब्बा त्यानंतर चौदा वर्षे जगले. पायांत मऊ बूट घालून रोज संध्याकाळी स्टेशनपर्यंत जात आणि परत येत. रात्री दिव्याखाली बसून तळपाय मला दाखवीत. मी नसले तर आईला. फीची गोष्ट मी एकदाच काढली. ते म्हणाले, “तुला सांगितले असते तर तू कॉलेज सोडून घरी आली असतीस.” ते खरे होते. म्हणून आखातात असलेल्या आपल्या माणसांना फोन कराल तेव्हा पैसे पोचले हे सांगून झाल्यावर त्यांनी आज केव्हा जेवण केले ते विचारा, आणि शेवटची तपासणी कधी झाली तेही. उत्तर टाळले तर पुन्हा विचारा.

शेजारच्या वर्गात माझ्या दोन सहकारी यंत्र घेऊन बसल्या आहेत. बोटाला टोचले म्हणजे निदान झाले असे समजू नका; आकडा जास्त आला तर उपाशीपोटी रक्त तपासायची चिठ्ठी मिळेल. कोणाचे नाव मोठ्याने वाचले जाणार नाही आणि कागद ज्याचा त्यालाच मिळेल. जेवणाच्या पंगती बसायच्या आत या, विशेषतः काटक माणसांनी.