आजीची गोळी नेमकी कोणती?

आज मी एकच प्रश्न घेऊन आलोय. तुमच्या आजी-आजोबांची ‘रक्त पातळ करायची’ गोळी नेमकी कोणती, माहितीये?

खरं तर त्या गोळीने रक्त पातळ होत नाही. रक्ताची गुठळी व्हायची क्रिया मंदावते. त्यामुळे माणूस पडलं, डोक्याला मार लागला, तर आतला रक्तस्राव लवकर थांबत नाही. मग डॉक्टरांना उतारा द्यावा लागतो. आणि गोंधळ इथेच होतो, कारण सगळ्या गोळ्यांचा उतारा एकच नसतो!

गोळी वॉरफरिन असेल, तर शिरेतून व्हिटॅमिन के देतात. पण रक्त गोठवणारे घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात, त्यात काही तास जातात. जिवावरच बेतलं असेल, तर तेच घटक तयार स्वरूपात शिरेतून देतात.

डॅबिगॅट्रान असेल, तर व्हिटॅमिन के कामाचं नाही. त्याचा उतारा इडारुसिझुमॅब. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. ५ ग्रॅमचा हा डोस रक्तातलं डॅबिगॅट्रान घट्ट पकडतो आणि काही मिनिटांत त्याचा परिणाम थांबवतो.

म्हणून आज एवढंच करा. नाव नीट दिसेल असा स्ट्रिपचा फोटो काढा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हेही डॉक्टर विचारतात. डोक्याला मार लागला, तर ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबू नका. आणि हो, हे ऐकून गोळी मनाने बंद करू नका; गुठळीचा धोका तितकाच खरा आहे.

भेटू पुढच्या भागात!