प्रवासाची निवड कोणाची?



सकाळी घरातून निघालेला माणूस मोटारीने जातो, बसने जातो की पायी, हा वरवर त्याचा खाजगी प्रश्न. परंतु उड्डाणपूल कोठे बांधावयाचा आणि बसचा कोणता मार्ग बंद करावयाचा, हे निर्णय त्याच्याच उत्तरावर बेतलेले असतात, आणि ते उत्तर आज गणिताने काढले जाते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९७२ साली ‘बार्ट’ ही विद्युत रेल्वे सुरू झाली. कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक तिचा आश्रय घेतील, असा अधिकृत अंदाज होता. बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी गाडी सुरू होण्यापूर्वीच काही शे लोकांच्या प्रवासाचा वेळ, खर्च व पायपीट यांची माहिती घेऊन ६.३ टक्क्यांचे भाकीत केले. प्रत्यक्षात वाटा भरला ६.२ टक्के! याच पद्धतीच्या विकासासाठी त्यांना २००० सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

या पद्धतीत माणूस काय म्हणतो यापेक्षा काय करतो, याला महत्त्व असते. वेळ, भाडे आणि गैरसोय यांपैकी कशाचा भार त्याला किती वाटतो, हे त्याच्या वर्तनावरून काढले जाते. अशा अभ्यासांतून वारंवार दिसले आहे की, बसमध्ये बसून गेलेल्या दहा मिनिटांपेक्षा थांब्यावर ताटकळण्यात गेलेली दहा मिनिटे माणसाला साधारणतः दुप्पट जाचतात. म्हणजे बस वेगाने धावण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ती वारंवार येण्याला आहे. (हा निष्कर्ष मात्र कपाटातच राहतो.)

खरी मेख पुढेच आहे. तासभर वाचविण्यासाठी माणूस किती पैसे मोजील, यावरून त्याच्या तासाची किंमत ठरते. ज्याच्या खिशात पैसाच नाही, त्याचा तास साहजिकच स्वस्त! मग मोटारवाल्यांची दहा मिनिटे वाचविणारा पूल किफायतशीर ठरतो आणि बसच्या रांगेतील शंभर जणांची दहा मिनिटे कवडीमोल ठरतात. ब्रिटनमध्ये कामावर जाण्यायेण्याच्या वेळेला गरीब-श्रीमंत सर्वांसाठी एकच सरासरी मूल्य लावण्याची प्रथा आहे. तेव्हा ही किंमत काही निसर्गनियमाने ठरत नाही. ती राजकीय निर्णयाने ठरते.

दुसरे असे की, बसभाडे परवडत नाही म्हणून चार किलोमीटर चालत जाणाऱ्या मोलकरणीने पायी जाणे ‘निवडले’, अशीच नोंद गणितात होते. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन विचारले गेले, तेव्हा पायी जाणारे मोटारीने जाणाऱ्यांहून कितीतरी अधिक निघाले. आणि २००९ साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पादचारी, सायकल, दुचाकी व रिक्षा यांना मज्जाव आहे.

नगरपालिकेपुढे पुढचा वाहतूक अहवाल येईल, तेव्हा कार्यकर्त्यांनी त्याची परिशिष्टे आधी उघडावीत. पाहणी पदपथावर झाली की केवळ टोलनाक्यावर, आणि कोणाचा तास कोणत्या दराने धरला आहे, हे तेथेच सापडते.