दाखल्याआधी तपासणी



सॉफ्टवेअरवर बोल म्हणालात, पण मी सांगलीच्या माझ्या भाच्याबद्दल बोलते. दोन वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडत नव्हता. ‘मुलगे उशिराच बोलतात,’ हे साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. बहिणीला धास्ती वेगळीच: अपंगत्वाचा दाखला नाही, मग सरकारी उपचार कोण देणार?

तर, त्यासाठी दाखला लागत नाही. २०१३ साली पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, तपासणीत विकासातला विलंब दिसला की मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ४० टक्क्यांची अट दिव्यांगांच्या सवलतींसाठी. तिचा इथे संबंध नाही. भाच्याची आधी कानतपासणी झाली, आता स्पीच थेरपी चालू आहे.

गोची दुसरीकडेच आहे. पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि आपली नातवंडं-भाचरं असतात खासगी प्लेग्रुपमध्ये! फी भरूनही ती पथकाच्या फेरीबाहेर राहतात. म्हणून अंगणवाडीताईंना भेटा, पथक कधी येणार ते विचारा आणि त्या दिवशी मूल घेऊन जा.

कुणाला अधिक विचारायचं असेल, तर जेवताना माझ्या शेजारी बसा.