काटा काय सांगतो
(महिला मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



बोलायला या म्हणालात, विषय विचारलात. मी म्हटलं, जुन्या ट्रेलरच्या हवेच्या ब्रेकवर बोलेन. फोनवर जरा शांतता झाली. पण 'बायकांना त्याचं काय?' असं कुणी विचारलं नाही, म्हणून मी आले.

आपल्यातल्या कितीजणींचे नवरे, भाऊ, मुलगे न्हावा-शेव्याहून कंटेनर घेऊन घाट चढतात-उतरतात. अपघात झाला की पेपरात दोनच शब्द येतात, 'ब्रेक फेल'. जणू वीजच पडली! माझा अनुभव असा की हवेचा ब्रेक बहुधा आठ-आठ दिवस आधी कुरकुरत असतो. ऐकणारा म्हणतो, "एवढी खेप होऊ दे."

नवऱ्यामागे ट्रेलर आणि कर्ज दोन्ही माझ्याकडे आलं. गॅरेजात गेलं की, "ताई, तुम्ही चहा घ्या, आम्ही बघतो." एका गॅरेजनं हवा भरत नाही म्हणून कॉम्प्रेसर दोनदा उतरवला, दोनदा बिल केलं. दोष होता ट्रेलरला हवा नेणाऱ्या पाइपच्या जोडातल्या रबरी वॉशरमध्ये. त्या दिवशी मी चहा सोडला.

गोष्ट अवघड नाही. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पाय फक्त झडप उघडतो, जोर हवेचा. ती हवा चाकाजवळच्या बूस्टरमधला दांडा ढकलते, दांडा स्लॅक फिरवतो, लायनर ड्रमला टेकतात. म्हणून उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणं हा शुद्ध वेडेपणा आहे. हवा भरणं थांबतं आणि प्रत्येक पायाबरोबर टाकी रिकामी होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकनं कितीतरी गाड्या चिरडल्या. आधी बातमी 'ब्रेक फेल'ची होती. मग पोलिसांनीच सांगितलं, इंजिन बंद करून गाडी उतरवली होती.

आता तपासणी. सपाट जागा, चाकांना ठोकळे. हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा. एकीनं ब्रेक दाबून धरायचा, दुसरीनं काटा पाहायचा. पहिल्या दाबाला काटा थोडा उतरेल, ते सोडा. त्यानंतर मिनिटभरात पाव किलोहून जास्त उतरला तर गळती आहे. पाय काढल्यावर थांबला, तर दोष ब्रेक लागतानाच्या वाटेवर, म्हणजे बूस्टरचा पडदा किंवा तिकडचा पाइप. पाय काढूनही उतरतच राहिला, तर टाकी, जोड, झडपा पाहा. साबणाचं पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवतो. टाकीचा नळ रोज सोडा. पाण्याबरोबर तेल आलं, तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या असं समजा.

पण काटा एक गोष्ट सांगत नाही, आणि माणसं मरतात ती तिथंच. हवा पूर्ण आहे, गळती नाही, तरी घाटात ब्रेक लागत नाही. लायनर झिजले की दांड्याला जास्त लांब जावं लागतं. ड्रम तापून फुगला की आणखी लांब. शेवटी बूस्टरमधली जागा संपते आणि जोर ड्रमपर्यंत पोचतच नाही. गाडी गार असताना हे कळत नाही. म्हणून दांड्यावर खडूची खूण करा, सहा-सात किलो हवेवर ब्रेक दाबायला लावा, किती सरकला ते मोजा. तीस नंबरच्या साध्या बूस्टरला दोन इंचांपुढे गेला की स्लॅक आवळायचा. डावा-उजवा सारखा हवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

एक धोका लक्षात ठेवा. मागच्या बूस्टरमध्ये दाबलेली जबरदस्त स्प्रिंग असते. हवा गेली तर तीच चाकं आवळते. त्याचा पट्टा कधीही खोलू नका, माणूस जागीच जातो. काहीजण गळणारा बूस्टर बदलायच्या ऐवजी ती स्प्रिंग बोल्टनं आवळून गाडी पुढे काढतात. म्हणजे शेवटचा आधारही काढला.

लायनरच्या धुळीचंही सांगते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. हवा मारून ड्रम साफ केला की ते गॅरेजभर उडतं. झाडून काढते कोण? ते कपडे घरी आपटते-धुते कोण? ड्रम ओल्या फडक्यानं पुसायचा आणि कामाचे कपडे वेगळे, भिजवूनच धुवायचे.

मी मालकीण आहे, तेव्हा पुढचं माझ्याविरुद्धही जातं. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १९०: गाडीतला दोष माहीत होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, तर चालवणाराच नव्हे, ती चालवू देणाराही दोषी. तरी पोलीस आधी धरतात ड्रायव्हरला. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे; जुन्या ३०४-अ खाली दोन होती. म्हणून दोष दिसला की ड्रायव्हरनं तो तारखेनिशी लिहून मालकाला द्यावा, पोच घ्यावी. ती पोच गाडीत नको, घरी, रेशनकार्डाच्या पिशवीत.

बाहेर माझी गाडी उभी आहे, ठोकळे लावलेत. बादलीत साबण कालवलाय. पाय दाबायला एक आणि खडू धरायला एक, दोघी या. बाकीच्यांनी काट्याजवळ उभं राहा.