तालमीचा उंबरठा

पोराला तालमीत जा म्हटलं, की तो दारापर्यंत जातो नि मागं फिरतो. आत जोर काढणाऱ्यांचे दंड पाहून त्याला वाटतं, आपल्या काडीसारख्या हातांना सारे हसतील.

आता खाशाबा जाधवांचं पाहा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत कुस्ती शिकला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना नवखी होती. तिथं ते सहावे आले. पण त्यांनी गादी सोडली नाही. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. नवखेपण उतरल्यावाचून जात नाही.

तेव्हा पहिल्या दिवशी वस्तादांना सरळ सांगावं, "मी नवा आहे." पाच जोर, दहा बैठका काढाव्यात, तेवढ्या पुरे. दुसऱ्या दिवशी अंग ठणकेल, त्याला भिऊ नये. हौद्यातली माती उकरायला हात लावावा. कामात हात घालणारा फार दिवस परका राहत नाही.

आणि गुरुजी, पोराला नुसतं 'जा' म्हणू नका. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर उंबरठा ओलांडा. दुसऱ्या दिवशी तो आपणहून जाईल.